आत शिरणारी गळती

वाखनिंगन म्हटलं की ५ मे १९४५ आठवतो. इथल्याच 'द वेरेल्ड' हॉटेलात हॉलंडमधल्या जर्मन सैन्याच्या शरणागतीची बोलणी झाली. त्याआधीच्या पाच वर्षांत इथे पेट्रोलची इतकी टंचाई होती की मोटारींना लाकूड-कोळशापासून गॅस करणाऱ्या भट्ट्या बसवत. त्याच काळात आपल्याकडच्या सर्व्हिस मोटारीही कोळशाच्या गॅसवर धावत होत्या.

पेट्रोल गळलं तर वास येतो, जमिनीवर डाग दिसतो. या गॅसचं उलटं. चालू इंजिन भट्टीतून गॅस ओढून घेतं. त्यामुळे नळीचा सांधा सैल असला तर गॅस बाहेर येत नाही, हवा आत शिरते. साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधावेत, तर फेसच आत ओढला जातो! गाडी चढावर दम टाकते, तीच काय ती खूण.

खरा धोका इंजिन बंद केल्यावर. भट्टीत धग असतेच, आणि आता त्याच फटीतून गॅस बाहेर येतो. त्यात भरपूर कार्बन मोनॉक्साइड, ज्याला स्वतःचा वास नाही. बंद गॅरेजात तो जीव घेतो. युद्धकाळात स्वीडनमध्ये अशा विषबाधा खूप झाल्या.

म्हणून सांध्याचं पॅकिंग बदलायचं ते भट्टी थंड झाल्यावर, मोकळ्या हवेत. गाडीची ताकद कमी झाली, ही तक्रार तेव्हा जिवाशी खेळ होती.