जलसंचय, अल्पप्रथिन

फुप्फुसे, हृदय व उदर यांच्या आवरणांमधील विवरांत स्वभावतः ओलावा टिकण्यापुरताच द्रव असतो; तो प्रमाणाबाहेर साचला आणि त्यात प्रथिन अल्प, म्हणजे ढोबळमानाने 100 मिलिलिटरमध्ये 3 ग्रॅमपेक्षा कमी निघाले, तर दोष बहुधा आवरणाच्या दाहात नसून रक्तवाहिन्यांतील दाबांचा तोल ढळण्यात असतो. हा तोल अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1896 मध्ये उलगडला : रक्ताचा दाब पाणी वाहिनीबाहेर लोटतो, तर रक्तद्रवातील प्रथिने, विशेषतः यकृतात घडणारे अल्ब्युमिन, ते आत धरून ठेवतात. हृदय दुर्बल झाले की फुप्फुसांच्या आवरणात, आणि यकृत कठीण होऊन त्याकडे येणाऱ्या नीलेतील दाब चढला की उदरात पाणी उतरते, हाच जलोदर. हृदयविकारातील जलोदरात मात्र प्रथिन पुष्कळदा अधिक आढळते, यास्तव केवळ त्या आकड्यावर निदानाची भिस्त ठेवू नये. मूत्रपिंडाच्या काही विकारांत अल्ब्युमिन लघवीवाटे वाहून जाते. आहार निकृष्ट असल्यास ते पुरेसे घडतच नाही.

रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील कर्जत व खालापूर तालुक्यांच्या कातकरी व ठाकूर वाड्यांत हे शेवटचे कारण विसरता येत नाही. पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांकडे निघालेल्या कुटुंबातील मूल अंगणवाडीच्या आहाराला व दप्तराला एकदमच पारखे होते, आणि घरच्या भाताच्या जोडीला डाळ वा मासळी पुरेशी पडत नाही. अंगणवाडी सेविका दोन्ही पावलांवर अंगठा दाबून पाहते. खळगा उरला, तर काट्यावर वजन कितीही भरो, मूल तीव्र कुपोषित ठरते, कारण त्या वजनात पाण्याचाही वाटा असतो. ही कसोटी मला फार मोलाची वाटते. सिसिली विल्यम्स यांनी 1933 मध्ये आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथून वर्णिलेला क्वाशिओरकोर म्हणजे हेच सुजेचे कुपोषण. त्यातील सूज केवळ अल्ब्युमिनच्या घटीने येते, हे मत मात्र आता निर्विवाद राहिलेले नाही.

अशा मुलाच्या फुगलेल्या पोटास सरसकट जलोदर म्हणणे चूक होय. पाणी मुख्यतः त्वचेखाली साचते. पोट पुढे येते ते बहुतांशी मेद साचून वाढलेल्या यकृतामुळे व शिथिल स्नायूंमुळे. पोटात खरोखर पुष्कळ पाणी असल्यास दुसरे कारण शोधावे, त्यातही क्षयाचा तपास आधी करावा; क्षयातील द्रव प्रथिनयुक्त असतो. कुपोषणाच्या सुजेवर लघवी वाढविणारे औषध देऊ नये. प्रारंभी प्रथिनांचा मारा न करता थोड्या थोड्या अंतराने मोजका, पातळ आहार द्यावा. भूक परतल्यावर व सूज ओसरू लागल्यावरच तो वाढवावा.