मालक परदेशी, जमीन मायदेशी : खंडावरील कराचा अडीचशे वर्षांपूर्वीचा वाद

१/
नोव्हेंबर १७७३. डब्लिन येथील आयरिश संसदेत वाद रात्री उशिरापर्यंत रंगला होता. प्रश्न वरवर साधा होता. ज्याची जमीन आयर्लंडमध्ये आहे, पण जो स्वतः इंग्लंडमध्ये राहतो, त्याच्या खंडाच्या उत्पन्नावर आयर्लंडने कर घ्यावा काय? प्रस्तावित दर होता पौंडामागे दोन शिलिंग. वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे दहा टक्के. पुण्यातील सदनिका भाड्याने देऊन लंडनमध्ये राहणाऱ्या मालकाला आज भारतात कर भरावा लागतो, हे आपल्याला स्वाभाविक वाटते. त्या रात्री डब्लिनमध्ये ते मुळीच स्वाभाविक नव्हते.

२/
आधी पार्श्वभूमी. सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील बंडे, युद्धे आणि जप्ती यांनंतर आयर्लंडमधील बहुतेक जमीन इंग्रज किंवा इंग्रजनिष्ठ घराण्यांच्या हाती गेली. त्यांपैकी अनेकांचे वाडे, नातेसंबंध आणि राजकारण इंग्लंडमध्येच होते. आयर्लंडमधील जमीन मुखत्यार किंवा मध्यस्थ पाहत. मध्यस्थ मोठा पट्टा घेई, त्याचे तुकडे पाडून पोटकुळांना देई. पोटकूळ खंड भरी, मध्यस्थ आपला वाटा ठेवी आणि उरलेली रक्कम समुद्र ओलांडून जाई. अशा मालकांना ‘अनुपस्थित जमीनदार’ हे नाव पडले.

३/
ही तक्रार अठराव्या शतकाची निर्मिती नव्हती. १३८० मध्ये, दुसऱ्या रिचर्डच्या काळात, आयर्लंडमध्ये जमीन असूनही तेथे न राहणाऱ्यांच्या उत्पन्नाचा दोन तृतीयांश भाग त्या देशाच्या संरक्षणासाठी घेण्याचे ठरले. राजाच्या सेवेत असलेल्यांना आणि विद्यापीठात शिकणाऱ्यांना सवलत होती. या नियमामागील विचार सरंजामी होता. जमीन ही सेवेच्या बदल्यात मिळते. जो जागेवर राहून तिचे रक्षण करीत नाही, त्याने रक्षणाचा खर्च तरी सोसावा. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत तर कायदा करून काही बड्या अनुपस्थित उमरावांच्या आयरिश जमिनी थेट राजसत्तेकडे घेण्यात आल्या.

४/
अठराव्या शतकात या तक्रारीला आकड्यांची जोड मिळाली. १७२८ मध्ये जोनाथन स्विफ्टने आयर्लंडच्या दुरवस्थेवर पत्रक लिहिले आणि देशातील खंडाचा एक तृतीयांश भाग इंग्लंडमध्ये खर्च होतो, असे त्यात मांडले. पुढच्याच वर्षी टॉमस प्रायर याने अनुपस्थितांची यादीच छापली : कोण कोठे राहतो आणि आयर्लंडमधून वर्षाला किती रक्कम नेतो, नावानिशी. त्याची एकूण बेरीज सहा लाख पौंडांच्या वर गेली. यादीतील प्रत्येक आकडा अचूक होता असे नाही. पण कुजबुजीत असलेली गोष्ट आता छापील स्वरूपात सर्वांसमोर आली होती.

५/
येथे करव्यवस्थेचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. आयर्लंडचा महसूल मुख्यतः आयात-निर्यातीवरील जकात, मद्यासारख्या वस्तूंवरील अबकारी आणि चुलींवरील पट्टी यांतून येई. इंग्लंडप्रमाणे जमिनीवरील सर्वसाधारण कर तेथे नव्हता. अशा व्यवस्थेत खर्च करणारा कर भरतो. झोपडीतले कूळ चुलीची पट्टी देत होते. दारू, तंबाखू घेताना कर देत होते. हजारो पौंड खंड घेणारा मालक मात्र आपला पैसा लंडनमध्ये खर्च करी आणि त्यावरचा कर इंग्लंडला मिळे. त्याच्या मालकीचे रक्षण करणारी न्यायालये, सैन्य आणि तुरुंग आयर्लंडच्या पैशावर चालत.

६/
१७७३ मध्ये आयर्लंडच्या तिजोरीत तूट होती. व्हाइसरॉय लॉर्ड हारकोर्टच्या प्रशासनाने मार्ग सुचवला : जो जमीनमालक वर्षातून सहा महिने आयर्लंडमध्ये राहणार नाही, त्याच्या निव्वळ खंडावर पौंडामागे दोन शिलिंग. हेन्री फ्लडसारख्या देशाभिमानी पुढाऱ्याने पाठिंबा दिला. आयर्लंडचे कायदे लंडनच्या संमतीविना होत नसत. तरी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थचे मंत्रिमंडळ संमती देण्यास तयार होते. क्वचितच असे घडे की डब्लिनमधील सरकार आणि जनमत एका बाजूला आहेत.

७/
मग पत्र आले. ऑक्टोबर १७७३ मध्ये पाच उमरावांनी लॉर्ड नॉर्थला संयुक्त निषेधपत्र पाठवले. त्यांत ड्यूक ऑफ डेव्हनशायर होता, ज्याची लिस्मोर येथे विस्तीर्ण जहागीर होती. मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम होता, ज्याच्या जमिनी विक्लो परगण्यात होत्या. हे केवळ श्रीमंत मालक नव्हते, ब्रिटिश राजकारणातील विरोधी पक्षाचे आधारस्तंभ होते. रॉकिंगहॅम तर माजी पंतप्रधान. कर ज्यांच्यावर बसायचा होता, त्यांचा आवाज कर बसवणाऱ्यांपेक्षा मोठा होता.

८/
या पक्षाची बाजू सर्वांत समर्थपणे मांडली ती एडमंड बर्कने. तोच बर्क, ज्याने पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवला. तो स्वतः डब्लिनमध्ये जन्मलेला होता. त्याचा युक्तिवाद हलका नव्हता. दोन्ही राज्यांत जमीन असलेला मनुष्य दोन्हीकडे कायम राहू शकत नाही. मग एका राजाच्या प्रजेला त्याच राजाच्या दुसऱ्या राज्यात राहण्याबद्दल दंड का? मुलांचे शिक्षण, विवाहसंबंध, संसदेतील कर्तव्य यांसाठी इंग्लंडला येणे हा अपराध ठरेल. आणि आयर्लंडने हा पायंडा पाडला, तर उद्या प्रत्येक वसाहत तेच करील. बर्कच्या दृष्टीने साम्राज्य हे एकच घर होते. त्यातील खोल्यांनी परस्परांवर जकात बसवू नये.

९/
दडपण वाढले, तसा लॉर्ड नॉर्थचा उत्साह ओसरला. डब्लिनमध्ये मतदान झाले तेव्हा प्रस्ताव फेटाळला गेला. गंमत अशी की फेटाळणारे सदस्य आयर्लंडमध्येच राहणारे होते. त्यांना हा कर लागणार नव्हता. पण ते स्वतः जमीनदार होते. आज गैरहजर मालकाच्या खंडावर कर बसला, तर उद्या हजर मालकाच्या जमिनीवरही बसेल, ही भीती त्यांच्यासमोर नीट उभी करण्यात आली होती. देशहित आणि वर्गहित यांच्या झुंजीत वर्गहित जिंकले.

१०/
तीन वर्षांनी, १७७६ मध्ये, ॲडम स्मिथने आपल्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात या प्रकरणाची दखल घेतली. परदेशी राहणारा मालक उपभोगावरील करांतून सहज निसटतो, म्हणून आयर्लंडमध्ये अशा कराची मागणी लोकप्रिय असावी यात नवल नाही, हे त्याने मान्य केले. पण त्याने एक व्यावहारिक अडचणही दाखवली : किती आणि कशा प्रकारची गैरहजेरी म्हणजे अनुपस्थिती? ती कोणत्या दिवशी सुरू झाली आणि कधी संपली, हे ठरवायचे कोणी? निवासाच्या दिवसांची मोजदाद करणारा आजचा प्रत्येक आयकर कायदा स्मिथच्या याच प्रश्नाशी झुंजत आहे.

११/
तोडगा निघाला तो नेपोलियनच्या युद्धकाळात आणि तोही ग्रेट ब्रिटनमध्ये. १७९९ मध्ये धाकट्या पिटने आयकर आणला. तो मालकाने स्वतः उत्पन्न सांगण्यावर अवलंबून होता. १८०३ मध्ये ॲडिंग्टनने त्याची रचना बदलली. जमीन व घरे यांच्यावरील कर जागेवर असलेल्या कुळाकडून किंवा भाडेकरूकडून वसूल करायचा आणि त्याने ती रक्कम मालकाच्या खंडातून वळती करायची. वजावट मान्य करणे मालकावर बंधनकारक होते. मालक लंडनला असो वा पॅरिसला, फरक पडत नव्हता. पैसा हातातून सुटण्याआधीच कर कापला जाई. अनुपस्थितीची व्याख्या करण्याची गरजच उरली नाही.

१२/
हा आयकर मात्र आयर्लंडला लागू नव्हता. १८१६ मध्ये तो रद्द झाला. १८४२ मध्ये पीलने पुन्हा आणला, तेव्हाही आयर्लंड वगळले. परंतु ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आयरिश जमीनदारांना त्यांच्या आयरिश खंडावर कर द्यावा लागला. सत्तर वर्षांनी अनुपस्थित मालकावर कर बसला खरा, पण उलट्या कारणाने : आयर्लंड सोडल्याबद्दल नव्हे, ब्रिटनमध्ये राहिल्याबद्दल. तोपर्यंत आयर्लंडची संसद विसर्जित झाली होती आणि दोन्ही तिजोऱ्या एक झाल्या होत्या. आयर्लंडवर आयकर आला तो १८५३ मध्ये, ग्लॅडस्टनच्या अंदाजपत्रकातून.

१३/
दरम्यान जमिनीला चिकटलेला दुसरा एक कर आयर्लंडमध्ये आला होता आणि त्याची कथा काळीकुट्ट आहे. १८३८ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणासाठी स्थानिक पट्टी सुरू झाली. १८४३ मध्ये ठरले की चार पौंड किंवा त्याहून कमी मूल्यांकनाच्या जमिनींची पट्टी जमीनमालकानेच भरायची. हेतू गरीब कुळाला वाचवण्याचा होता. पण १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजू लागले, दुष्काळ पडला, खंड थांबला आणि पट्टी वाढत गेली. अनेक मालकांनी हिशेब मांडला : लहान कुळेच नसतील, तर पट्टीही लागणार नाही. झोपड्या पाडल्या गेल्या, कुटुंबे रस्त्यावर आली. मालकावर बसवलेला कर दुबळ्या कुळाच्या डोक्यावर कसा येऊन पडतो, याचे याहून कठोर उदाहरण सापडणे अवघड आहे.

१४/
स्विफ्टचा युक्तिवाद भारतीय वाचकाला ओळखीचा वाटेल. येथे गोळा झालेला पैसा तेथे खर्च होतो आणि म्हणून हा देश दरिद्री राहतो, हेच दादाभाई नवरोजींच्या संपत्तीवहनाच्या सिद्धान्ताचे सार आहे. दादाभाईंचा रोख खंडापेक्षा वेतन, निवृत्तिवेतन आणि इंग्लंडमध्ये होणाऱ्या सरकारी खर्चावर होता. पण दुखणे एकाच जातीचे होते. आयरिश लँड लीगचे संस्थापक मायकेल डेव्हिट यांनी दादाभाईंना आयर्लंडमधील मतदारसंघातून ब्रिटिश संसदेत पाठवण्याची कल्पना मांडली होती. ती प्रत्यक्षात आली नाही; १८९२ मध्ये दादाभाई निवडून आले ते लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून.

१५/
विसाव्या शतकात हा प्रश्न साऱ्या जगाचा झाला. पहिल्या महायुद्धानंतर सर्वत्र आयकराचे दर वाढले आणि एकाच उत्पन्नावर दोन देश दावा सांगू लागले. राष्ट्रसंघाने चार अर्थतज्ज्ञांना विचारले : ब्रुइन्स, आइनॉडी, सेलिग्मन आणि स्टॅम्प. १९२३ च्या त्यांच्या अहवालाचा गाभा होता माणसाची आर्थिक बांधिलकी नेमकी कोणत्या देशाशी आहे, हा प्रश्न. अनेक प्रकारच्या उत्पन्नांबाबत त्यांचा कल मालकाच्या निवासाकडे होता. जमिनीबाबत मात्र त्यांनी ती जेथे आहे त्या देशाचा हक्क मान्य केला. जमीन उचलून नेता येत नाही. आजच्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारांमध्येही स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नावर कर आकारण्याचा अधिकार ती मालमत्ता असलेल्या देशाला असतो. मालकाच्या निवासाचा देश त्यावर कर घेत असेल, तर तो बहुधा आधी भरलेल्या कराची वजावट देतो किंवा ते उत्पन्न सोडून देतो.

१६/
आता पुण्यातील त्या सदनिकेकडे. भारताच्या १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम १९५ ने अनिवासी मालकाला भाडे देणाऱ्यावर, भाडे पाठवण्याआधी कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी टाकली. २०२५ च्या नव्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. निवासी मालकाच्या बाबतीत असलेली रकमेची किमान मर्यादा येथे नाही, त्यामुळे लहानशा भाड्यावरही कपात लागू होते. कपात तीस टक्क्यांहून अधिक दराने होते. प्रत्यक्ष कर मात्र स्थानिक मालमत्ता कर आणि तीस टक्के प्रमाणित वजावट यांनंतर उरलेल्या रकमेवर असतो. जादा कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागता येते. ॲडिंग्टनने १८०३ मध्ये ब्रिटिश भाडेकरूवर टाकलेले काम आज येथील भाडेकरू करीत आहे.

१७/
आणि बर्क हरला काय? पूर्णपणे नाही. एकाच माणसावर दोनदा ओझे पडू नये, ही त्याची चिंता आजच्या करारांत उतरली आहे. पण परक्या ठिकाणी राहिल्याने मूळ भूमीचे देणे संपते, हे त्याच्या मित्रांचे म्हणणे टिकले नाही. १७७३ मधील सहा महिन्यांची अट आज अनेक कायद्यांत १८२ किंवा १८३ दिवसांच्या मोजणीत दिसते. उरतो तो कुळाचा प्रश्न. कर कापायचा विसर पडला, तर भारतीय कायदा आधी भाडेकरूला जाब विचारतो. मालक दूर असला की जो जवळ आहे त्याच्याच दारात सरकार येते, हे आयर्लंडच्या कुळांनी फार पूर्वी अनुभवले होते.