चर्चमधल्या क्वायरला गाणं शिकवतं कोण? गोव्याच्या मेस्त्रीपासून आजच्या कार्यशाळेपर्यंत

१९७७ साली आलेल्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभ बच्चन इस्टरच्या भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येतो आणि आपलं नाव सांगत गाऊ लागतो. त्या गाण्याचे रील्स रोज फिरतात, पण ते नाव एका खऱ्या माणसाचं आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे मुंबईच्या हिंदी सिनेसंगीतातले व्हायोलिनवादक आणि अरेंजर. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. शिष्याने गुरूचं नाव असं पडद्यावर आणलं.

गोन्साल्विस दक्षिण गोव्यातल्या माजोर्ड्याचे. त्यांचे वडील तिथल्या चर्चचे क्वायरमास्टर होते. म्हणजे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातला हा धागा मागे ओढत नेला तर तो एका गावच्या चर्चमधल्या संगीताच्या वर्गापर्यंत पोचतो. आणि हे एकट्या गोन्साल्विस यांचं नाही. नोटेशन वाचू शकणारे जे शेकडो गोंयकार वादक मुंबईच्या स्टुडिओंत, हॉटेलांत आणि पोलीस-लष्कराच्या बँडमध्ये आले, त्यांच्यातल्या पुष्कळांचं शिक्षण अशाच वर्गात झालं होतं.

ते वर्ग कसे चालायचे, आता त्यांच्या जागी काय आहे, आणि 'क्वायर डायरेक्टरसाठी कार्यशाळा' अशी पोस्ट दिसते तेव्हा आत नेमकं काय शिकवतात, ते पाहू.

मेस्त्री म्हणजे कोण?

आपल्याकडे मेस्त्री म्हटलं की सुतार किंवा गवंडी डोळ्यांसमोर येतो. गोव्याच्या ख्रिस्ती गावात मात्र मेस्त्री किंवा मेस्त म्हणजे चर्चचा संगीतशिक्षक. दोन्हींचं मूळ एकच, पोर्तुगीज 'मेस्त्रे'. अर्थ गुरू, उस्ताद.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्ता आणि मिशनरी गोव्यात आले, आणि चर्चला लागून शाळा निघाल्या. पोर्तुगीजमध्ये त्यांना 'एश्कोला पारोकियाल' म्हणत, म्हणजे पॅरिशची शाळा. तिथे मुलांना धर्मशिक्षण, अक्षरओळख आणि संगीत शिकवलं जाई. संगीत कशासाठी? मिस्सा लॅटिनमध्ये गायली जायची. ती गाणारे आवाज हवेत, साथीला व्हायोलिन हवं, आणि हे सगळं गावातूनच उभं करायचं होतं. युरोपातून गायक कोण आणणार?

मेस्त्रीचं काम एवढ्यावर संपत नसे. मिस्सा, लग्न, अंत्यविधी, गावच्या फेस्ताची मिरवणूक, घरापुढच्या किंवा वाड्यावरच्या खुरसाकडे होणारं लदीन (ही लॅटिनमधली सामूहिक प्रार्थना, व्हायोलिनच्या साथीने दोन-तीन आवाजांत गायली जाते) या सगळ्याला तोच लागे. तो गाई, वाजवी, नोटेशन हाताने उतरवून घेई आणि उरलेल्या वेळात पोरांना शिकवी.

शिकवण्याची पद्धत कडक होती. तिचं नाव सोल्फेज, कोकणीत सोल्फा. मुलाच्या हातात व्हायोलिन लगेच येत नसे. आधी कागदावरचे स्वर दो, रे, मी, फा असे नावाने वाचायचे, हाताने ठेका धरायचा, आणि मग ते बरोबर उंचीवर गायचे. आपल्या सरगमशी याचं नातं वाटेल, पण एक मोठा फरक आहे. सरगम आपण गुरूच्या गळ्यातून ऐकून उचलतो. इथे मुलाने कागद पाहून, आधी कधीही न ऐकलेली धून गायची असते. म्हणून तर या वर्गातून बाहेर पडलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मुंबईत कुठल्याही बँडसमोर बसून समोर ठेवलेला कागद वाजवू शकत असे. त्या काळच्या मुंबईत हे कौशल्य दुर्मीळ होतं आणि त्याला पैसे मिळत.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या व्यवस्थेने सोल्फेज दिलं, तिनेच गावचं गाणं दाबायचा प्रयत्न केला. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात लग्नातल्या अनेक स्थानिक चालीरीतींवर बंदी आली, आणि त्यात लग्नात गायल्या जाणाऱ्या ओव्याही होत्या. ज्या ओवीत आपली ज्ञानेश्वरी आहे आणि जात्यावरचं गाणं आहे, तीच ही ओवी. बंदी असूनही गोव्याच्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या ओव्या टिकल्या, हे मला मेस्त्रींच्या कर्तृत्वाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

रोमने काय ठरवलं?

क्वायरला प्रशिक्षण द्यायलाच हवं, हा नियम कॅथलिक चर्चमध्ये लेखी आहे. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी (हा संगीताची संरक्षक मानल्या जाणाऱ्या संत सेसिलियाचा सणाचा दिवस) पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीतावर एक आदेश काढला. ऑपेराच्या ढंगाची गाणी बंद करा, ग्रेगोरियन गायनाकडे परत चला, आणि गायकांसाठी शाळा काढा, असा त्याचा रोख होता. १९११ मध्ये रोममध्ये यासाठी खास संस्था सुरू झाली, ती आजही चालू आहे. याच आदेशात बायकांना क्वायरमध्ये घेऊ नका, वरच्या पट्टीसाठी मुलगे वापरा, असंही होतं. आजच्या कुठल्याही पॅरिशच्या क्वायरकडे पाहिलं तर हे वाचून हसूच येतं. १९६७ च्या सूचनेत स्त्री-पुरुषांच्या आणि फक्त बायकांच्या क्वायरलाही रीतसर मान्यता मिळाली.

मोठा बदल झाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात एक अख्खं प्रकरण संगीतावर आहे. त्यात सेमिनरीत संगीत शिकवा, शिक्षक नीट तयार करा, गायकांना उपासनेचंही शिक्षण द्या, असं म्हटलंय. शिवाय ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला मान द्या, हेही आहे. स्थानिक भाषेत मिस्सा करायला मोकळीक मिळाली. गोव्यात कोकणी आली, वसईत मराठी.

आणि इथेच मेस्त्रीची पंचाईत झाली. त्याची सगळी विद्या लॅटिन संगीतावर उभी होती. आता नव्या भाषेत नवी गाणी हवी होती, ती सगळ्या लोकांनी मिळून गायची होती, आणि गिटार घेतलेली तरुण पोरं दारात उभी होती. पॅरिशच्या संगीतशाळाही विसाव्या शतकात आधीच रोडावल्या होत्या. पद्धतशीर शिक्षणाची जागा काही प्रमाणात बाहेरच्या संस्थांनी घेतली. पणजीत आंतोनियु द फिगेरेदो यांनी १९५२ मध्ये 'अकादेमिया द मुझिका' सुरू केली होती. तिचं काम पुढे कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागात गेलं. राशोलच्या सेमिनरीत भावी धर्मगुरूंना संगीत शिकवायची जुनी परंपरा आहे आणि तिथला सांता सेसिलिया क्वायर नावाजलेला आहे. पण गावागावांत रोज संध्याकाळी पोरांना घेऊन बसणारा पगारी माणूस कमी होत गेला. ती उणीव आता कार्यशाळा भरून काढू पाहतात.

कार्यशाळेची कल्पना कुठली?

थोड्या दिवसांचा, निवासी, गायक आणि ऑर्गनवादकांसाठीचा वर्ग हा साचा रुजवण्यात इंग्लंडच्या एका संस्थेचा मोठा वाटा आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीचे ऑर्गनवादक सिडनी निकल्सन यांनी १९२७ मध्ये 'स्कूल ऑफ इंग्लिश चर्च म्युझिक' स्थापन केलं आणि त्यासाठी ॲबीची मानाची जागा सोडली. १९४५ मध्ये ती 'रॉयल स्कूल ऑफ चर्च म्युझिक' झाली. मोठ्या कॅथीड्रलमध्ये संगीत उत्तम, पण खेड्यातल्या चर्चमध्ये हौशी लोक जमेल तसं गातात, ही दरी त्यांना खटकत होती. तेव्हा चर्च सभासद होतात, संस्था पुस्तकं, वर्ग, सुट्टीतले अभ्यासक्रम पुरवते, आणि लहान गायकांना टप्प्याटप्प्याने रंगीत फितीतलं पदक मिळतं. गळ्यात वेगवेगळ्या रंगाच्या फिती घातलेली इंग्लिश मुलं व्हिडिओत दिसतात, ती याचमुळे.

दोन दिवसांत काय शिकवतात?

भारतातली पॅरिश पातळीवरची कार्यशाळा बहुधा शनिवार-रविवार उरकते. येणारे सगळे स्वयंसेवक. कोणी बँकेत, कोणी शाळेत नोकरी करणारे. सुरुवात श्वास आणि आवाज मोकळा करण्याने होते, मग सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशी आवाजांची वाटणी.

पुढचा भाग हातवाऱ्यांचा. चार मात्रांच्या गाण्यात उजवा हात खाली, आत, बाहेर, वर असा फिरतो, तीन मात्रांत खाली, बाहेर, वर. हे अर्ध्या तासात जमतं. अवघड असतं ते गाणं सुरू व्हायच्या आधीचा एक ठोका देणं. त्या एका हालचालीत गती, जोर आणि 'श्वास घ्या' अशा तिन्ही गोष्टी सांगायच्या असतात. क्वायर विस्कळीत सुरू होतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा गायकांचा नसतो, या ठोक्याचा असतो.

मग पट्टी. चांगला गाणारा डायरेक्टर आपल्या गळ्याला शोभेल अशी पट्टी धरतो आणि मागच्या बाकांवरचे आजी-आजोबा दुसऱ्या ओळीला गप्प होतात. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण आहे, एक-दोन सूर खाली यायला काहीच लागत नाही. माझ्या मते संपूर्ण कार्यशाळेतून एवढी एकच गोष्ट घेऊन माणूस परतला तरी त्या चर्चचं गाणं सुधारेल.

सर्वांत जास्त वाद होतो तो गाण्यांच्या निवडीवर. कॅथलिक मिस्सामध्ये काही भाग ठरलेल्या शब्दांचेच असतात (ग्लोरिया, सँक्टस वगैरे). त्यांच्या जागी त्याच भावाचं दुसरं गाणं चालत नाही. पहिल्या वाचनानंतरचं स्तोत्र म्हणजे बायबलचाच भाग, तिथे आवडतं भक्तिगीत घालता येत नाही. इस्टरआधीच्या लेंटच्या चाळीस दिवसांत आलेलुया गायचा नाही, आणि वाद्यं एरवी फक्त गाण्याला आधार देण्यापुरती. काही ठरावीक दिवस याला अपवाद. लेंटमध्ये जोरदार ड्रम वाजला की फादर का रागावतात, त्याचं कारण हे.

कॉपीराइटचा तासही आता ठेवायला हवा. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं सादर करायला परवानगी लागत नाही. पण अख्ख्या गीतपुस्तकाची झेरॉक्स काढून वाटणं ही निराळी बाब आहे, आणि तेच गाणं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणंही.

मराठी चर्चचं गाणं वेगळं

वर सांगितलेला बराचसा अभ्यासक्रम पाश्चात्त्य चौकटीतला आहे. महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट मराठी मंडळींची परंपरा निराळी. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी भजन-अभंगाच्या वळणाची गीतं लिहिली, ख्रिस्ती कीर्तनही इकडे रुजलं, आणि 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक आजही हातात असतं. अहिल्यानगर भागातल्या चर्चमध्ये पेटी आणि तबला हीच मुख्य वाद्यं. इथल्या डायरेक्टरला चार आवाजांच्या हार्मनीपेक्षा ताल धरून सगळ्यांना एका लयीत नेता येणं जास्त उपयोगी पडतं. ऑर्गन गृहीत धरून बेतलेली कार्यशाळा अशा मंडळीला फारशी कामाची नाही, त्यामुळे नाव देण्याआधी कुठल्या वाद्यांवर आणि कुठल्या भाषेत शिकवणार ते विचारून घ्यावं.

आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. प्रत्येकाला प्रत्यक्ष क्वायरसमोर उभं राहून हात चालवायला मिळणार का? नुसती भाषणं असतील तर ती घरी बसून व्हिडिओवरही ऐकता येतात. आणि पुढच्या भेटी ठरल्या आहेत का? मेस्त्री वर्षानुवर्षं रोज शिकवून एक वाचक-गायक घडवत असे. दोन दिवसांत तेवढं होणार नाही. महिन्यातून एक शनिवार वर्षभर मिळाला, तर मात्र कागद पाहून साधी धून गाण्यापर्यंत मोठी माणसंसुद्धा पोचतात.