रानबोर बागेत आले, टेंभुर्णी रानातच राहिली

१/
अकलूजच्या परिसरात एक गाव आहे बोरगाव. थोड्याच अंतरावर, पुणे-सोलापूर महामार्गावर, दुसरे आहे टेंभुर्णी. दोन्ही नावांत झाडे आहेत. दोन्ही झाडे या मातीतली, दोन्हींची फळे रानमेवा. मात्र एकाची बाग झाली, दुसऱ्याची विडी. एकाच रानातल्या या दोन झाडांच्या वाटा वेगळ्या कशा झाल्या?

२/
बोराशी माणसाचे नाते फार जुने. घोड नदीकाठच्या इनामगाव (जि. पुणे) येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत जळालेल्या धान्याबरोबर बोराच्या आठळ्याही मिळाल्या. घोड भीमेला मिळते आणि अकलूजची नीराही भीमेलाच. हा सारा एकाच खोऱ्याचा इतिहास आहे.

३/
अवर्षणाच्या प्रदेशात बोर टिकले ते स्वभावामुळे. सोटमूळ खोल जाते, उन्हाळ्यात पाने गळतात, पावसाळ्यात फुलोरा येतो आणि थंडीत फळ पिकते. म्हणूनच संक्रांतीच्या सुगडात आणि लहानग्यांच्या बोरन्हाणात बोराला मान मिळाला.

४/
विसाव्या शतकात अकलूजच्या परिसरात नीरेच्या कालव्याचे पाणी आले. १९३२ मध्ये सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी अकलूजजवळ माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभारला. पाण्याखालची जमीन उसाची झाली. पाणी न पोहोचलेल्या माळरानाचे काय, हा प्रश्न मात्र उरला.

५/
त्याचे एक उत्तर बांधावरच उभे होते. रानबोर उन्हाळ्यात छाटायचे, खुंटाला नवे धुमारे फुटू द्यायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्यांवर चांगल्या जातीचा डोळा भरायचा. मूळ रानटी, फळ बागेचे! उमराण, कडाका, मेहरूण या जाती अशाच डोळ्यांतून पसरल्या. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली आणि कोरडवाहू बोराला शासकीय अनुदानाचा आधार मिळाला.

६/
आता टेंभुर्णी. विदर्भात हिलाच तेंदू म्हणतात. चीन-जपानमधील प्रसिद्ध पर्सिमन हे तिचे सख्ख्या कुळातले भावंड. दोघांची वनस्पतिशास्त्रीय प्रजाती एकच, डायोस्पायरॉस. पूर्व आशियातील बागाईतदारांनी शतकानुशतके मोठी, गोड फळे निवडली आणि त्या झाडांची कलमे बांधली. येथील टेंभुर्णीचे फळ मात्र लहानच राहिले: कच्चे असताना तुरट, पिकल्यावर पिवळे व गोड, गर थोडा आणि बिया मोठ्या. शिवाय नर व मादी झाडे वेगळी, त्यामुळे प्रत्येक झाड फळ देतेच असे नाही.

७/
बाजाराला हवे होते ते तिचे पान. विडी वळण्यासाठी कोवळे, मोठे पान लागते. त्यासाठी उन्हाळ्याच्या आरंभी झुडपे छाटतात आणि नव्या फुटव्यांची पाने खुडतात. दरवर्षी छाटलेले झुडूप फळाच्या वयाला पोहोचणार कसे? पानांचे मोल इतके वाढले की १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात त्यांचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला. त्याच पानांवर सोलापुरातील हजारो स्त्रियांनी विड्या वळून संसार चालवले; म्हणून या इतिहासाला निव्वळ हानी म्हणता येत नाही.

८/
छाटणी दोन्ही झाडांची झाली. बोराच्या खुंटावर माणसाने डोळा भरला, टेंभुर्णीच्या खुंटावरून पान खुडले. एका छाटणीत फळाचा विचार होता, दुसरीत पानाचा. ‘रानटी’ आणि ‘बागायती’ ही विशेषणे झाडांच्या जन्माबरोबर येत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांची निवड ती ठरवते.

९/
बोराची निवड झाली, म्हणून त्याच्या जातींना नावे मिळाली. टेंभुर्णीच्या एकाही गोड झाडाला असे नाव बाजारात मिळाले नाही. तिचे नाव राहिले ते महामार्गावरच्या गावाच्या पाटीवर.