बदकाच्या पायाला चिकटलेलं गणित

कुठल्याही नदीशी जोडलेल्या नसलेल्या एकाकी तळ्यातही गोगलगायी सापडतात. त्या तिथे पोचल्या कशा, हे शोधायला आज संशोधक संगणकात तळी मांडतात, पक्षी उडवतात आणि तोच प्रवास हजारो वेळा घडवून बघतात. या पद्धतीचं मूळ मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे.

१८५९च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये डार्विनने एक साधा प्रयोग नोंदवला आहे. काचेच्या टाकीत गोड्या पाण्यातल्या शंखजीवांची अंडी फुटत होती. त्यात त्याने बदकाचे पाय टांगून ठेवले. नुकती जन्मलेली, जेमतेम दिसतील अशी पिल्लं पायांवर चढली आणि इतकी घट्ट बसली, की पाय बाहेर काढून झटकले तरी सुटेनात. थोडी मोठी झालेली मात्र आपणहून गळून पडत. दमट हवेत ही पिल्लं १२ ते २० तास जगली. तेवढ्या वेळात बदक किंवा बगळा ६००-७०० मैल तरी जाईल, असा त्याचा हिशेब. माझ्या मते हेच पहिलं प्रारूप: किती चिकटतात, किती वेळ तग धरतात, वाहक किती लांब जातो. आजच्या प्रारूपांनाही हेच आकडे लागतात.

गणिताची जोड मिळाली ती डासांमुळे. त्यांच्या फैलावाचा प्रश्न हिवतापाचा अभ्यासक रोनाल्ड रॉसने संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनपुढे ठेवला होता. पिअर्सनने १९०५मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकातून दिशाहीन भटकंतीचं कोडं घातलं. १९५१मध्ये संख्याशास्त्रज्ञ जे. जी. स्केलमने ते गणित मध्य युरोपातल्या बोहेमियातून पसरलेल्या मस्करॅट या पाण्याकाठच्या, उंदरासारख्या प्राण्याला लावलं, आणि जमलं. ओकच्या झाडांपाशी मात्र ते अडलं. हिमयुगानंतर ओक ब्रिटनभर ज्या वेगाने पसरले, तो नुसती फळं बुंध्याशी पडून शक्यच नव्हता. कुणा प्राण्या-पक्ष्याने ती दूर नेलेली असणार. गोगलगायीच्या बाबतीतही सरपटण्यापेक्षा अशी क्वचित घडणारी लांब उडीच निर्णायक ठरते.

पुढे परिसंस्थाशास्त्रज्ञ रिचर्ड लेव्हिन्सने १९६९मध्ये विझणाऱ्या आणि नव्याने वसणाऱ्या वस्त्यांचा हिशेब मांडला. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप इथे फ्रेंच संशोधक वर्षानुवर्षं शेकडो डबकी चाळत आले, ते याच हिशेबासाठी. तिथली अडचण बघा. डबकं आटलं, गोगलगाय दिसली नाही, म्हणून ती संपली असं नाही. काही जाती चिखलात दडून पावसाची वाट बघतात. म्हणून ‘दिसली नाही’ आणि ‘नाहीच’ यांच्या शक्यता प्रारूपात वेगवेगळ्या धराव्या लागतात. मला हे काम संगणकाच्या ताकदीपेक्षा मोठं वाटतं.

आता लांब उडी माणूसही घडवतो. न्यूझीलंडची चिखल-गोगलगाय जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची. परमुलखात तिच्या माद्या नराशिवाय पिल्लं देतात, म्हणजे नवी वस्ती वसायला एकच मादी पुरे. १९८७मध्ये ती अमेरिकेतल्या आयडाहोत, स्नेक नदीत आढळली. पुढे मासेमारांच्या बुटांवरूनही पसरली. तेव्हा एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात उतरण्याआधी बूट आणि जाळी घासून धुवा, पुरती वाळू द्या.