‘कॅरी ऑन अब्रॉड’
* जेराल्ड थॉमस दिग्दर्शित चावट ब्रिटिश विनोदपट (१९७२). स्वस्तातल्या पॅकेज टूरने भूमध्य समुद्रावर निघालेल्या इंग्रजांची त्यात यथेच्छ टर उडवली आहे. ते पोहोचतात ते एल्सबेल्स हे बेट काल्पनिक. तिथले हॉटेल अर्धवट बांधलेले. मॅनेजर, दारवान, हमाल सगळे एकटा पेपेच (पीटर बटरवर्थ), कपडे बदलून धापा टाकत पुन्हा पुढ्यात हजर! शेवटी पावसात इमारतच खचते. परदेशवारीचा सिनेमा असूनही चित्रीकरण इंग्लंडातच, मुख्यतः पाइनवुड स्टुडिओत उरकले. अभिनेता सिड जेम्सचे कमरेखालचे विनोद आता शिळे वाटतात, बटरवर्थची धांदल मात्र नाही. अभिनेते चार्ल्स हॉट्री यांचा ‘कॅरी ऑन’ मालिकेतला हा शेवटचा चित्रपट. – संपा.