अनुसूचीतून आलेली फाशी

तलासरीहून उधव्यामार्गे सिल्वासाकडे जाताना महाराष्ट्राची हद्द संपते आणि दादरा-नगर हवेली सुरू होते. दोन्हीकडे वारल्यांचे पाडे, दोन्हीकडे सोयरीक. तरीही १८७० पासून नऊ दशकांहून अधिक काळ हद्दीच्या अलीकडे खुनाला फाशी होती आणि पलीकडे नव्हती. नंतर ती पलीकडेही गेली. देहदंड परत आणावा का, असे अनेक देशांत विचारले जाते. इथे तो प्रत्यक्ष परत आला, आणि कसा आला हे कागदांवरून सांगता येते.

पहिला कागद पेशवाईतला. १७७९ चा पोर्तुगीजांशी झालेला तह आणि त्यानंतर १७८३ व १७८५ च्या सनदा यांमुळे नगर हवेली आणि दादरा पोर्तुगीजांकडे गेले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० च्या निकालात हेच कागद तपासले. मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पोर्तुगीजांची सत्ता पुढे इंग्रजांनी वस्तुतः मान्य केली, असा त्याचा निष्कर्ष आहे. महसुलापुरत्या दिलेल्या गावांवर अशा रीतीने लिस्बनचा फौजदारी कायदा आला.

तो कायदा मात्र बदलत होता. पोर्तुगालने १८५२ मध्ये राजकीय गुन्ह्यांसाठी आणि १ जुलै १८६७ च्या कायद्याने नागरी गुन्ह्यांसाठी देहदंड रद्द केला. व्हिक्टर ह्यूगोने त्याबद्दल त्या देशाचे अभिनंदन केले होते. ९ जून १८७० च्या हुकमाने ही सूट सागरपार प्रांतांना मिळाली. गोवा, दमण आणि नगर हवेली त्यात आली. १८८४ मध्ये आजन्म कैदही गेली. लष्करी गुन्ह्यांचा अपवाद तेवढा बराच काळ टिकला.

अलीकडे, डहाणू आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यात, १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंडसंहिता चालू होती. कलम ३०२ मध्ये फाशी किंवा जन्मठेप. १९५५ च्या दुरुस्तीपर्यंत तर फौजदारी प्रक्रिया संहितेचा रोख असा होता की, देहांताच्या गुन्ह्यात फाशी न देणाऱ्या न्यायाधीशानेच कारण लिहावे.

एवढ्यावरून पोर्तुगीज राज्य दयाळू ठरत नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर त्याच राज्याने गोळ्या झाडल्या. अलीकडचे चित्रही निराळे नाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. त्यांच्यावर ना आरोपपत्र होते, ना खटला. फाशीचा विचार करताना हे विसरून चालणार नाही: जीव घेण्याची ताकद हाती असलेली सत्ता ती नेहमी न्यायालयातूनच वापरते असे नाही.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. ११ ऑगस्ट १९६१ ला दादरा-नगर हवेली भारतात विलीन झाली. विलीनीकरणाच्या कायद्याने आधीचे कायदे तूर्त चालू ठेवले. त्यानंतर दोन विनियम आले. एक १९६२ चा, गोवा, दमण आणि दीवसाठी. दुसरा १९६३ चा, दादरा-नगर हवेलीसाठी. दोन्ही राष्ट्रपतींनी अनुच्छेद २४० खाली केलेले, म्हणजे संसदेच्या मतदानाशिवाय. त्यांच्या अनुसूचींत लागू करायच्या अधिनियमांची यादी आहे. त्या यादीत भारतीय दंडसंहिता होती, आणि दंडसंहितेच्या पोटात कलम ३०२. फाशीसाठी वेगळी ओळ लागली नाही.

देशाचा कायदा सर्वत्र एक असावा, हा हेतू योग्यच होता. मुक्त झालेल्या माणसांना परक्या सत्तेची संहिता का पाळायला लावावी? पण त्या संहितेतली एक गोष्ट आपल्यापेक्षा पुढची होती, आणि ती ठेवायची की टाकायची, हे कुणी मताला टाकले नाही. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी, अहिंसेचे तत्त्व मानणाऱ्या या देशाने देहदंडच रद्द करावा, असे मत मांडले होते. त्यानंतर अवघ्या दीड दशकात, तो जिथे नव्हता तिथे आपणच तो नेला.

पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने फाशीसाठी विशेष कारणे मागितली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुर्मिळातल्या दुर्मीळ खटल्यापुरती ठेवली. २०१५ मध्ये विधी आयोगाने दहशतवाद आणि देशाविरुद्धचे युद्ध वगळता ती रद्द करण्याची शिफारस केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये ती कायम आहे.

क्रूर खुनानंतर फाशीची मागणी होते, तेव्हा मागणाऱ्याचे दुःख खरे असते. त्याचा अनादर करू नये. पण माणसाचा जीव घेण्याचा अधिकार राज्याला द्यायचा असेल, तर तो नाव घेऊन, कारण सांगून, मत मोजून द्यायला हवा. अधिनियमांच्या यादीतून तो येता कामा नये. देहदंडाशिवाय नांदलेला मुलूख शोधायला आपल्याला परदेशात जावे लागत नाही. संसदेत हा प्रश्न पुन्हा निघेल तेव्हा गोवा, दमण आणि नगर हवेलीतल्या त्या नऊ दशकांचे न्यायालयीन दप्तर पुराव्यात मांडले गेले पाहिजे.